अर्ध्या तासावरचं पार्क

माझ्या नवऱ्याने मला आजवर कुठल्याच गोष्टीला 'नाही' म्हटलेलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. हा माणूस 'जाऊ की' म्हणतो, पुन्हा पेपरात डोकं घालतो आणि मग वर्षं निघून जातात.

घाटाच्या पायथ्याशी ते मोठं पार्क झालं तेव्हा आमची मुलगी बालवाडीत होती. सुकापूरच्या आमच्या घरापासून ते गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. खोपोलीला यांची मावशी राहते. तिच्याकडे जाताना रस्त्यावरून त्या पार्कमधल्या उंच झुल्यांचे शेंडे दिसायचे आणि मुलगी काचेला नाक लावून बसायची. पुढे धाकटा झाला, तोही तसाच नाक लावून बसायला लागला. "बाबा, ते बघा, ती गाडी उलटी झाली!" बाबा म्हणायचे, "हो रे, जाऊ एकदा." गाडी पुढे निघून जायची. मावशीकडे बिरड्याची उसळ खाऊन, ओटी भरून घेऊन आम्ही परत यायचो, तेव्हा अंधारात त्या झुल्यांचे दिवे लागलेले असायचे.

उन्हाळ्यात विचारलं की ऊन फार. पावसाळ्यात विचारलं की सगळं बंद असेल (नसतं बंद, मी चौकशी केली होती). दिवाळीत विचारलं की गर्दी मरणाची. आणि या सगळ्यावर हुकमाचा पत्ता म्हणजे, "अगं, अर्ध्या तासावर तर आहे. कधीही जाता येईल."

'कधीही' या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे.

यंदा मुलगी नववीत गेली. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे क्लास, टेस्ट सिरीज आणि घरात सुतकी वातावरण. त्यानंतर ती आमच्याबरोबर कुठे येईल याची मला खात्री नव्हती; आत्ताच ती आमच्या चार पावलं पुढे चालते. म्हणून गणपती गेल्यावर मी ठरवलं की या दिवाळीच्या सुट्टीत काही झालं तरी जायचं. आणि नुसतं जायचं नाही, तिथल्याच हॉटेलात एक रात्र राहायचं.

हे मी जेवताना सांगितलं. नवरा मच्छीचा काटा काढत होता. त्याने वर बघितलं.

"राहायचं? तिथे? रात्री आपल्या घरी येऊन झोपता येतं की."

"घरी आलो तर मी पोळ्या लाटणार. मला एक दिवस पोळ्या लाटायच्या नाहीत."

"पोळ्या बाहेरून आणू."

आता या माणसाला काय सांगायचं? मी कळंबोलीला एका माल वाहतुकीच्या कंपनीत नोकरी करते. दिवसभर ट्रक कुठे अडकला, कागद कुठे अडकले हे बघून घरी आल्यावर मला सुट्टी हवी असते, बाहेरच्या पोळ्या नकोत. पण समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. आम्ही दोघंच असलो की 'अरे'. 'अहो' म्हणून नीट भांडता येत नाही, म्हणून मी गप्प बसले.

खोलीत गेल्यावर मी विचारलं, "तुला नक्की अडचण काय आहे?"

तर म्हणाला, "मी तळोज्याला दिवसभर काय करतो? मशीन बघतो. कुठे आवाज येतोय, कुठे गळतंय, कुठलं बेअरिंग गेलंय. सुट्टीच्या दिवशी परत मशीनसमोर रांगेत उभं राहायचं आणि त्याच्याकडून स्वतःला हलवून घ्यायचं? वडाळे तलावावर संध्याकाळी फिरून येऊ ना. मस्त वारा असतो. भेळ खाऊ."

खरं सांगते, पहिलं वाक्य मला पटलं होतं. दमतो माणूस. केमिकलच्या कारखान्यात मेंटेनन्सचं काम सोपं नाही. पण दहा वर्षं काचेला नाक लावणाऱ्या मुलांना तलावावरची भेळ? मी म्हटलं, "तलाव आपण दर रविवारी बघतो. तुला झुल्यात बसायला कोणी सांगत नाहीये. तू फक्त यायचंस. एकच काम कर, सुट्टी टाक. बाकी सगळं मी करते."

"टाकतो," तो म्हणाला.

आणि बाकी सगळं मी केलं. जेवणाच्या सुट्टीत फोनवर बसून बुकिंगचं बघितलं. धाकट्याची उंची कुठल्या झुल्याला पुरेल आणि कुठल्याला नाही ते शोधलं, त्याला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. त्या रात्री घरी सासूबाईंच्या सोबतीला शेजारच्या काकूंची लेक झोपायला येईल असं ठरवलं. धाकट्याने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, "आधी बाबांची सुट्टी होऊ दे, मग बोलू." मी तिला रागावले. नववीतल्या मुलीने बापाबद्दल असं बोलू नये, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी आठवड्यातून एकदा विचारायचे, "टाकलीस सुट्टी?" तो म्हणायचा, "सांगितलंय साहेबांना. पण मिळेल असं दिसत नाही. या सीझनला माणसं कमी असतात."

दिवाळीच्या आधी मी भाजी घ्यायला नवीन पनवेलच्या बाजारात गेले होते. तिथे यांच्याच प्लांटमधल्या सहकाऱ्याची बायको भेटली. दोन पिशव्या भरून सामान, चेहरा नुसता फुललेला. मी विचारलं, "काय, तयारी जोरात?"

"हो ना! उद्या गावाला निघतोय. नांदेडला. तुमच्या मिस्टरांचे फार उपकार झाले हो."

मला कळेना. "कसले उपकार?"

"म्हणजे, यंदा दिवाळीच्या सुट्टीचा नंबर त्यांचा होता ना? दोघांपैकी एकालाच मिळते. पण आमच्या ह्यांना म्हणाले, तुम्ही जा, मला काही कुठे जायचं नाहीये." आणि माझा हात धरून म्हणाली, "असा माणूस मिळत नाही, ताई."

नाहीच मिळत. मी कोथिंबीर तशीच गाडीवर ठेवली. भाजीवाली मागून ओरडत होती, "ताई, पैसे दिलेत, जुडी घ्या!" मी स्कूटरपाशी येऊन उभी राहिले आणि किल्ली कुठे घालायची हेच मला सुचेना. माझ्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, असं नव्हतंच. ती त्याच्या हातात होती. माझ्या मुलांनी दिवस मोजलेली ती सुट्टी त्याने दिवाळीचा फराळ वाटावा तशी देऊन टाकली होती. आणि घरी येऊन मला 'माणसं कमी आहेत' असं सांगत होता.

तो घरी आला तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत वाती वळत होत्या. मी थांबले नाही.

"तू सुट्टी दुसऱ्याला दिलीस?"

सासूबाईंनी मान वर केली. त्यांच्यासमोर 'तू' हा शब्द या घरात पहिल्यांदाच उमटला होता.

नवरा बूट काढत होता, तो एक बूट हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "त्याचं गाव लांब आहे गं. वर्षातून एकदा जातो. म्हातारे आईवडील आहेत. आपलं काय, अर्ध्या तासावर—"

"अर्धा तास म्हणू नकोस!" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. "दहा वर्षं तो अर्धा तास संपत नाहीये. त्याला गरज होती, कबूल. मला का नाही विचारलंस? बरं, विचारलं नाहीस, निदान सांगायचं तरी. मी इथे मुलाची उंची मोजतेय आणि तू रोज माझ्याशी खोटं बोलतोयस!"

"खोटं कुठे? मी म्हटलं, मिळेल असं दिसत नाही."

हे त्याचं उत्तर होतं. अजूनही आठवलं की माझ्या कानशिलावरची शीर उडते. आणि त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्याचा चांगुलपणा. तो खरोखरच चांगुलपणा होता. फक्त तो माझ्या आणि मुलांच्या खिशातून काढून वाटलेला होता. बाहेरची बाई माझा हात धरून त्याचे आभार मानत होती, आणि तो हात तिने कोणाचा धरलाय हे तिला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "ठीक आहे. आम्ही तिघं जाणार. बुकिंग झालंय. ओळखीच्या गाडीवाल्याला सांगते. तू प्लांटला जा."

तो म्हणाला, "एकटी कशी जाशील मुलांना घेऊन?" आणि आईकडे बघितलं. सासूबाई इथल्याच, शिरढोणकडच्या. उभं आयुष्य शेतात आणि खळ्यावर गेलेलं. त्या मला अडवतील असं त्याला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

त्या वात वळत म्हणाल्या, "कशी मंजे? गाडीन बसून जाईल. आमी डोक्यावं भारा घेऊन पनवेलला चालत जायचू. तुजा बाबा कदी आला बरोबर? त्याला पन गावात सगलं चांगला बोलायचं. जा गो तू. यो रावू दे घरान."

माझ्या बाजूने त्या आजवर फार वेळा बोललेल्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

मग जे झालं त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण राग दुप्पट झाला. जाण्याच्या आदल्या दिवशी, भाऊबीज होऊन गेल्यावर, नवरा आला आणि म्हणाला, "मी येतोय. साहेबांना फोन केला. दुसऱ्या शिफ्टचा एक जण दोन दिवस बघणार आहे माझं काम."

"एका फोनवर झालं?"

"हो. लगेच म्हणाले, जा."

एका फोनचं काम होतं! दहा वर्षांत तो फोन कोणी केला नव्हता. त्याने वर गाडीवाल्यालाही परस्पर नको म्हणून सांगितलं आणि उपकार केल्यासारखा म्हणाला, "घाटाकडच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीचा काय भरवसा?" मी त्याच्या नावाची बॅग भरली नाही, एवढंच. त्याची त्याने भरली आणि टॉवेल विसरला.

पार्कमध्ये पोचलो तर धाकटा गेटपासूनच पळायला लागला. मुलगी मात्र कानात ते गाणी ऐकायचं पांढरं बोंडूक घालून सावलीतून चालत होती. आत एक मोठा गोल फिरणारा झुला होता, रंगीत घोड्यांचा. लहानपणी तिने याच घोड्यांचा फोटो कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. मी म्हटलं, "चल, बस ना."

ती माझ्याकडे बघून हसली. चिडून नाही, समजुतीने हसली. "आई, यावर लहान मुलं बसतात. मी पाचवीत असताना आलो असतो ना, तर मी दिवसभर खाली उतरले नसते."

तिने ते सहज म्हटलं आणि पाण्याची बाटली मागितली. मला मात्र तिथे, त्या बँडच्या आवाजात, रडू फुटेल असं वाटलं. ती पाचवीत होती तेव्हाही मी विचारलं होतं. ऊन फार होतं म्हणे. तो घोडा तिथेच होता, दिवसभर फिरत होता, आणि आम्ही अर्ध्या तासावर राहत होतो. आता तो माझ्या मुलीला लहान झाला होता. हे मला कोण भरून देणार? मी वळून नवऱ्याकडे बघितलं. तो एका झाडाखाली सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला होता आणि जांभई देत होता.

सगळ्यात उंच झुल्याला धाकट्याची उंची पुरली नाही. मला माहीत होतंच. मी मुलीला म्हटलं, "आपण दोघी बसू." ती म्हणाली, "तू? तुला चक्कर येते आई." मी म्हटलं, "येऊ दे."

ती गाडी साखळीवरून खडखडत वर चढत गेली. वरून डोंगर दिसत होते, हायवे दिसत होता, त्यावरून पनवेलकडे चाललेल्या गाड्या दिसत होत्या. वर टोकाला क्षणभर सगळं थांबलं. आणि मग खाली. माझ्या तोंडातून जी किंकाळी निघाली ती नुसती किंकाळी नव्हती, त्यात शब्द होते. मला ते थांबवता आले नाहीत. "नालायका! सुट्टी वाटून टाकतोस! धर्मात्म्या! दहा वर्षं! दहा वर्षं रे!" प्रत्येक वळणावर एकेक निघालं. शेवटच्या उलट्या गोल फेरीत तर मी त्याच्या साहेबांनाही सोडलं नाही.

गाडी थांबली तेव्हा माझे केस तोंडात होते आणि मुलगी वाकून वाकून हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आई, पुढच्या सीटवरचे काका मागे वळून बघत होते! तू बाबांना नालायक म्हणालीस!"

"मी? काहीतरीच."

"पुन्हा बसू या?" ती म्हणाली. तिने कानातलं काढून खिशात टाकलं आणि माझा हात धरून मला रांगेत ओढत नेलं. आम्ही पुन्हा बसलो. दुसऱ्या खेपेला ती पण ओरडली. काय ओरडली ते मी इथे सांगणार नाही, पण तिच्याही मनात बरंच साठलेलं होतं.

खाली उतरून बघतो तर झाडाखाली पिशव्या होत्या, नवरा नव्हता. धाकटाही नव्हता. मी घाबरले. शोधत शोधत गेले तर दोघं त्याच झुल्याच्या खांबांमागे, कठड्याला टेकून उभे. नवरा खांबाकडे बोट दाखवून सांगत होता, "ते बघ, गाडीला चाकं फक्त वर नाहीत. रुळाच्या खालूनही आहेत, बाजूनेही आहेत. म्हणून उलटी झाली तरी पडत नाही. आणि वर चढताना तो टक टक आवाज ऐकलास? तो आवाज बंद झाला तर काळजी. चालू आहे तोवर गाडी मागे येऊच शकत नाही." धाकटा तोंड उघडं टाकून ऐकत होता. नवऱ्याने मला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की मी दोन वर्षांत तसा बघितला नव्हता.

"काय सुंदर काम आहे गं! आधी का नाही आलो आपण?"

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्याच्या डोक्यावर ओतावी असं मनात आलं, पण धाकटा म्हणाला, "आई, बाबांना सगळं माहितेय!" आणि मी बाटलीचं झाकण लावलं.

एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. हॉटेलात पोळ्या दुसऱ्यांनी लाटल्या होत्या, सकाळी मुलगी माझ्या कुशीत येऊन झोपली होती. पण तुळशीचं लग्न आलं. खारघरची नणंद नवऱ्यासह आली, शेजारीपाजारी जमले. ऊस बांधला, मंगलाष्टकं झाली, आणि चुरमुरे-बत्तासे खाताना माझा नवरा सांगायला लागला. "मुलांना घेऊन गेलो होतो पार्कला. राहिलोच तिथे. अहो, सकाळी जाऊन रात्री परत येण्यात मजा नाही. शांतपणे राहायचं. आणि जाण्याआधी मुलांची उंची मोजून ठेवायची, म्हणजे हिरमोड होत नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

नणंद म्हणाली, "माझा भाऊ मुलांसाठी जीव टाकतो हो. एवढं कामातून वेळ काढून सगळं आखायचं म्हणजे..." मग तिने आपल्या नवऱ्याकडे बघितलं. "नाहीतर आमच्याकडे!"

मी ट्रे खाली ठेवला. "ताई, उंची मी मोजली. बुकिंग मी केलं. राहायचं मी म्हटलं तेव्हा तुमचे भाऊ म्हणाले, पोळ्या बाहेरून आणू. आणि सुट्टी त्यांनी न सांगता दुसऱ्याला देऊन टाकली होती. ते बाजारात एका बाईकडून कळलं मला."

 कोणीतरी चुरमुरे चावायचं थांबलं. मुलगी जिन्यावरून म्हणाली, "खरं आहे, आत्या." सासूबाई तुळशीपुढचा दिवा नीट करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण हसल्या, मी बघितलं.

लोक गेल्यावर नवरा म्हणाला, "चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"होती."

"मी काय खोटं सांगितलं?"

"'मी' म्हणालास, ते."

तो रुसला. काही दिवस अबोल्यात गेले. मग एका संध्याकाळी ऑफिसमधून आले तर तो भांडी घासत होता. बाई आली नव्हती. मला बघून म्हणाला, "चुकलं माझं. सांगायला हवं होतं." एवढंच. मी म्हटलं, "हं," आणि पिशवीतली भाजी काढायला लागले. माफ केलं असं मी म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं. त्या घोड्याचा राग अजून गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटतही नाही.

पण आता मी कुठलंच बुकिंग बघत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचं, असं धाकट्याने मला विचारलं तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, "बाबांना विचार. या वेळी त्यांचं काम आहे." तेव्हापासून तो रोज विचारतो. नवरा दाढी करत असताना दाराबाहेर उभा राहून विचारतो, प्लांटला निघताना लिफ्टपर्यंत मागे जाऊन विचारतो. काल फोनवर नवरा कुणाला तरी विचारत होता की दिवेआगरला मुलांना घेऊन राहायला नीट जागा कुठली, आणि बोलता बोलता मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला मे महिन्यात सुट्टी मिळेल का?"

मी सांगितलं, "माझी मी विचारते. तू तुझी टाक."